येळवशीला निघालेली गाडी

रणधीरने ती चारी चाकं ओढणारी मोठी गाडी घेतली, तेव्हा पहिली अडचण झाली ती हायवेची. फाट्यावरून गावात वळायला लागली की तिचं तोंड आमच्या जळकोटात यायचं आणि बूड तिकडं नळदुर्गच्या ढाब्यासमोरच असायचं. ढाब्यावरचे ट्रकवाले तिच्या मागच्या चाकाच्या सावलीला बसून जेवायचे, हात धुवायचे, एक झोप काढायचे आणि निघून जायचे, तरी गाडी आपली वळतेच आहे. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. ज्याला पटत नसेल त्यानं त्या ट्रकवाल्यांना विचारावं. ते आता हैदराबादकडं असतील.

गाडीच्या टपावर दिवे होते, मागं शिडी होती आणि काचेच्या बाजूनं हत्तीच्या सोंडेसारखं एक नळकांडं वर काढलेलं होतं. ते कशाला, असं मी विचारलं.

"नाना, गाडी पाण्यात बुडाली तरी इंजिन ह्यातनं श्वास घेतं," रणधीर म्हणाला.

आमच्या भागात नळाला पाणी आलं तर शेजाऱ्याला फोन करून सांगतात. तिथं ह्या माणसानं बुडायची सोय करून आणली होती.

चारी चाकं ओढतात, हे तो इतक्या वेळा सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, बाकीच्यांच्या गाड्या दोन चाकं काखेत धरून चालतात. सकाळी दुधाला जायचं तरी हाच थाट. डेअरी त्याच्या घरासमोर आहे. गाडी वळवायला जागा नसल्यामुळं तो फाट्यापर्यंत जाऊन परत यायचा, तोवर दुधाचं दही झालेलं असायचं.

एवढ्या लांबरुंद गाडीत शेजारची जागा मात्र रिकामी होती. रणधीरचं लग्न जमत नव्हतं. जमीन होती, बोअर होती, मिशा होत्या. पण मुली नकार द्यायच्या. मी स्थळं जुळवतो, म्हणून शेवटी त्याची आई राजेश्वरीबाई माझ्याकडं आली. मी लोहाऱ्याच्या शिवांजलीचं स्थळ काढलं. पोरगी स्वतःची रोपवाटिका चालवते, माणसाकडं बघतानासुद्धा मूळ कितपत धरलंय असं बघते. रणधीरनं तिला गाडीचे फोटो पाठवले. पुढून, मागून, खालून. तिनं मला फोन करून सांगितलं, "नाना, मला गाडी नको, शेत दाखवा. शेत बघून काय ते तिथंच सांगते."

म्हणून येळवशीचा दिवस ठरला. त्या दिवशीच होकार किंवा नकार. रणधीर आठवडाभर नीट जेवला नाही, आणि आदला अख्खा दिवस त्यानं गाडी धुण्यात घालवला.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमचा सगळा जिल्हा उठून शेतात जातो. गावं अशी रिकामी होतात की कुत्रीसुद्धा दाराला कडी लावून मालकाच्या मागं निघतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जीची मिसळभाजी, रोट्या आणि ताकातली आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा, मग ती आंबील पिकावर शिंपायची. वाटेनं जाणारा कुणीही असो, त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आणि आमच्याकडं एक नेम कडक आहे. आंबिलीचं मडकं घरातून उचललं की कोपीत पोचेपर्यंत भुईला टेकवायचं नाही, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत ते पोचलं पाहिजे.

शिवांजली तिच्या आत्याबरोबर आली. ही द्वारकाबाई. तिच्या तोंडाला लोहाऱ्याचे जीपवालेसुद्धा भितात. ती बसली की ते सीट न भरता गाडी सोडतात. पाहुणीचा मान म्हणून राजेश्वरीबाईनं आंबिलीचं मडकं तिच्या हातात दिलं आणि स्वतः इतर बायकांबरोबर पुढं कोपीकडं गेली. घरापासून कोप इतकी जवळ की निघताना तोंडात घातलेलं पान पोचल्यावर थुंकावं.

"चला की मग चालत," द्वारकाबाई म्हणाली.

"चालत?" रणधीरला कुणीतरी शिवी दिल्यासारखं झालं. "आत्याबाई, गाडी असताना पाव्हण्यांना चालवू का? बसा."

आम्ही शिडीवरून चढल्यासारखे चढलो. पुढं तो आणि शिवांजली, मागं मी आणि मांडीवर मडकं घेतलेली द्वारकाबाई. गाडी निघाली ती शेताकडं पाठ करून.

"शेत तिकडं न्हाय का?" शिवांजलीनं विचारलं.

"तिकडंच. पण सरळ रस्त्यानं कुणीबी जातंय. आपण डोंगरावरनं जाऊन पलीकडून शेतात उतरू. गाडीची ताकद कळंल तुम्हाला."

आमच्या त्या डोंगरावर रस्ता नाही. शेळ्या जातात, त्यासुद्धा परत येताना दुसऱ्या डोंगरानं येतात. सुट्टा मुरूम, त्यात बैलाएवढे धोंडे, मधून घाणेरीची जाळी. रणधीरनं एक बटण दाबलं, एक दांडी मागं ओढली आणि म्हणाला, "आता लो गिअर." पुढं काचेखालच्या पडद्यावर डोंगराचं चित्र उमटलं. बाहेर खरा डोंगर दिसत असताना हा माणूस चित्रातल्या डोंगराकडं बघून गाडी चालवत होता.

गाडी चढली, हे मी नाकारत नाही. पण कशी चढली? एका धोंड्यावर ती इतकी कलली की माझ्या डाव्या खिशातली तंबाखू उजव्या खिशात गेली. दुसऱ्या धोंड्यावर नुसतं आभाळ दिसायला लागलं. एक घार खिडकीजवळ आली, तिनं आत बघितलं आणि लाजून तोंड फिरवलं.

"नाना," द्वारकाबाई मडक्याला कवटाळून म्हणाली, "हे पोरगं मुलगी बघायला आलंय का आमचा दिवस घालायला?"

"ताकद दाखवतोय," मी म्हणालो.

"ताकद गाडीची. ह्याची कुठली? हा तर बसून हाय."

रणधीरनं आरशातून तिच्याकडं बघितलं आणि लगेच शिवांजलीकडं वळून विचारलं, "कसं वाटतंय?"

"शेत कधी येतंय?" ती म्हणाली.

डोंगर उतरून आम्ही बुद्धघोषच्या शेतात आलो. बुद्धघोष नळदुर्गच्या शाळेत मास्तर आहे. हरभरा असा राखलाय की बघत राहावं. त्याचं शेत संपलं की रणधीरचं लागतं, आणि दोन्ही शेतांतून गावाकडं जाणारी जुनी गाडीवाट आहे. म्हणजे होती. उन्हाळ्यात बुद्धघोषच्या ट्रॅक्टरचं चाक रणधीरच्या बांधाला घासलं. तेवढ्यावरून रणधीरनं जेसीबी आणून वाटेत आडवा चर खणला. चांगला माणूसभर खोल आणि ह्या बांधापासून त्या बांधापर्यंत लांब. तेव्हापासून त्या बिचाऱ्याला बी-खताचं एकेक पोतं डोंगराला वळसा घालून न्यावं लागत होतं.

त्या चरात आज पाणी चकाकत होतं, काठ चिखलानं फुगलेले होते. त्यालाही रणधीरच कारण. शेतीची लाईट कधी येईल ते आमच्याकडं देवालाही सांगता येत नाही, म्हणून लोक मोटरीला ऑटो बसवतात. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू होते. गाडी धुण्याच्या नादात रणधीर तो ऑटो काढायचा विसरला होता, आणि लाईट त्या रात्री कधी नव्हे ती मुक्कामाला आली होती.

चराच्या पलीकडं, हाकेच्या अंतरावर, कोप दिसत होती. राजेश्वरीबाई कपाळावर हात धरून आमच्याकडं बघत होती. ऊन डोक्यावर यायला आलं होतं.

बुद्धघोष ट्रॅक्टरपाशी उभा होता. तो हात करत पुढं आला. "रणधीरराव, थांबा. रात्रभर तुमची मोटर चालू हुती. काठ पार लोण्यागत झालाय."

"मास्तर, आमची मोटर, आमचं पाणी. तुमी हरभरा बघा."

"हा चर कशाला खणलाय इथं?" शिवांजलीनं विचारलं. "ही तर वाट दिसतीय."

आता इथं खोटं बोलायला किती जागा होती. पाणी अडवायला, म्हणता आलं असतं. शेततळं, म्हणता आलं असतं. मी आयुष्यभर ह्यापेक्षा कमी भांडवलावर चालवलंय. पण रणधीरला त्या घडीला खरं बोलायची हौस आली.

"ते ह्यांचा ट्रॅक्टर अडवायला खणलंय," तो हसून म्हणाला. "आपली गाडी अडवायला न्हाय. चर मीच खणलाय, त्याची खोली मला ठाऊक हाय. बघाच आता."

शिवांजलीनं आधी बुद्धघोषकडं बघितलं, मग रणधीरकडं, मग दाराच्या कडीकडं. पण तोवर त्यानं बटण दाबलं होतं. काचेखाली चिखलाचं चित्र आलं.

गाडी काठावर गेली. काठानं तिला क्षणभर धरलं आणि मग सोडून दिलं. नाक खाली गेलं, मागचा काठ ढासळला, पुढचा ढासळला, आणि ती अख्खी गाडी म्हैस डबक्यात बसते तशी सावकाश, समाधानानं खाली बसली. चारी चाकं फिरत होती, हे मला मान्य करावं लागेल. चारीही सारख्याच मन लावून खाली खणत होती. रणधीर जसजसा पाय दाबत गेला तसतसे आम्ही पाताळाकडं निघालो. काचेबाहेर आधी हरभरा होता, मग चिखल, मग गांडुळं, आणि अगदी शेवटी माझ्या आज्याचं हरवलेलं खुरपं दिसलं. ओळखीचं होतं, मूठ त्यानंच बसवलेली.

गाडी थांबली तेव्हा तिचा टप दोन्हीकडच्या भुईला बरोबर टेकला होता. शिंप्यानं माप घेतल्यावरही इतकं नेमकं बसत नाही. वर फक्त ते नळकांडं उरलं होतं. त्याचं खरं होतं, इंजिन श्वास घेत होतं.

टपाला आरपार उघडणारी काच होती, तिच्यातून आम्ही निघालो. आधी शिवांजली वर गेली. तिनं खाली हात घालून मडकं घेतलं आणि कमरेवर धरलं. मग मी, आणि आम्ही दोघांनी मिळून द्वारकाबाईला ओढली. आंबिलीचा एक थेंब सांडला नव्हता. रणधीरनं तेवढं डोकं बाहेर काढलं.

"मास्तर," तो म्हणाला, आणि हा शब्द उच्चारताना त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला, "जरा ट्रॅक्टरनं वढून घेता का?"

"घेतो की," बुद्धघोष म्हणाला. "पण मागं डोंगर हाय, इकडनं जोर लागायचा न्हाय. पलीकडनं वढावं लागंल. आणि पलीकडं ट्रॅक्टर न्यायची वाट तर तुमी खणून ठेवलीय."

रणधीर टपावर उडालेला चिखल बाहीनं पुसायला लागला.

"रणधीर," कोपीकडून राजेश्वरीबाईची हाक आली, "ऊन टेकलं डोक्याला. मडकं कुठंय?"

मडकं शिवांजलीच्या हातात होतं. तिनं पदराची चुंबळ केली, मडकं डोक्यावर घेतलं आणि टपावरून ठण्ण ठण्ण वाजत पलीकडं चालत गेली. रणधीरच्या डोक्याला तिनं वळसा घातला, तो तेवढा मानाचा. पलीकडं रणधीरच्या शेतात पाय ठेवला, वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी चुरून बघितली.

"शिवांजली," तो टपातून म्हणाला, "मग काय ठरलं?"

"शेत चांगलं हाय," ती म्हणाली.

"व्हय, पण माझं काय?"

"चर बी बघितला."

तिनं वळून बुद्धघोषला हाक मारली. "दादा, या जेवायला. येळवशीला वाटंवरच्या माणसाला सोडत न्हाईत. आणि आता वाट झालीया."

बुद्धघोषनं ट्रॅक्टर चालू केला, आधी एक चाक टपावर ठेवून बघितलं, मग दुसरं, आणि थेट कोपीपर्यंत घेऊन आला. रणधीरनं वेळेवर डोकं आत घेतलं, तेवढं शहाणपण त्याला होतं. पांडवांना नैवेद्य वेळेत पोचला. द्वारकाबाईनं भज्जी दोनदा वाढून घेतली, आंबील शिंपली, आणि संध्याकाळी दोघी आत्या-भाची एस.टी.नं लोहाऱ्याला निघून गेल्या. जाताना द्वारकाबाई मला म्हणाली, "नाना, पुढच्या खेपेला पायी चालणारं एखादं दाखवा."

गाडी अजून तिथंच आहे. रणधीरनं क्रेन आणली, ती काठ बघून परत गेली. मग काळी माती वाळली आणि तिनं गाडीला अशी मिठी मारली की सोडायला तयार नाही. काढायची म्हटलं तर पुन्हा चर खणायला हवा, आणि चर म्हटलं की हल्ली राजेश्वरीबाई हातात खराटा घेते. रणधीर दुधाला चालत जातो. डेअरी समोरच आहे हे त्याला आता कळलंय.

त्या वाटेनं सगळा गाव जातो. नळकांड्याला कुणी ना कुणी म्हैस बांधलेली असते. टपावरून भरलेला ट्रॅक्टर गेला की खाली कुठंतरी दाब पडतो आणि जमिनीतून हॉर्न वाजतो. बुद्धघोष बाजूला न बघता हात वर करतो आणि पुढं जातो.