तुळशीच्या उजव्या हातातली पाटली

मी एक जुनी पाटली आहे, आता मधोमध कापलेली. श्रीवर्धनच्या सदा सोनाराच्या वडिलांनी मला घडवलं. त्यांनी माझी आतली बाजू इतकी गुळगुळीत केली, की घालणाऱ्या हाताला कधी ओरखडा उमटू नये. लग्नात मी तुळशीच्या उजव्या हातात चढले आणि माझी जोडीदारीण डाव्या.

मित्रांनो, पाटली जिथे टेकते तिथेच मनगटाची नाडी असते. तो ठोका मला जन्मभर ऐकू यायचा. तुळशी वाडीत सुपाऱ्या वेचायला वाकली की तो भरभर पडे. दुपारी ओटीवर बसून ती अडकित्त्याने सुपारी कातरू लागली की संथ होई. तिच्याइतकी बारीक सुपारी आळीत कुणाची नसे. बघायला आलेल्या बायका सुपारीबरोबर माझंही कौतुक करत. फार सुखाचे दिवस होते ते.

मग एका हिवाळ्यात तो ठोका अडखळू लागला. विहिरीपासून घरापर्यंत येतानाच तुळशी छाती धरून खाली बसे. तिचे यजमान बापू आणि सून गौरी यांनी तिला पनवेलला इस्पितळात नेलं. मनगटाच्या नाडीतून बारीक नळी थेट हृदयापर्यंत न्यायची आणि तिथली अडलेली रक्तवाहिनी मोकळी करायची, असं ठरलं. त्यासाठी नर्सने साबण लावून मला उतरवलं. इतक्या वर्षांत मी प्रथमच त्या हाताबाहेर पडले, ती बापूंच्या रुमालात.

काम नीट झालं. निघताना नर्सने बजावलं, की या हाताला काही दिवस जोर द्यायचा नाही, त्यात घट्ट काही घालायचं नाही, आणि सूज, ठणका किंवा बधिरपणा आला तर तडक डॉक्टरांकडे यायचं. पण घाटातल्या वळणांवर तुळशीने गाडीची दांडी नेमकी त्याच हाताने गच्च धरली. घरी पोचली तेव्हा मनगट थोडं फुगलं होतं.

दारात थोरली जाऊ शकू भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिची नजर आधी हाताकडे गेली.

"अगो, बापू धडधाकट असताना मोकळ्या हाताने उंबरा ओलांडतेस?"

गौरीने नर्सचं सांगणं सांगून पाहिलं. शकू हसली. नर्सच्या स्वतःच्या हातात तरी काकण होतं का, असं तिने विचारलं. तुळशीने आपणहून हात पुढे केला. तेल लावून मला चढवलं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

तो चहा होईपर्यंतही टिकला नाही. टोचलेल्या जागेतून आतल्या आत रक्त झिरपत होतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांमुळे ते थांबत नव्हतं. मांस फुगून माझ्यावर दाबू लागलं. मी सोन्याची, मला सैल होता येईना. समाचाराला माणसं येत होती आणि तुळशी हात पदराखाली झाकून हसत होती. एवढं मोठं काम झालं म्हणजे मुंग्या यायच्याच, असं ती स्वतःला समजावत होती. ठोका बारीक होत गेला. तुळशी, कुणाला तरी सांग गो, असं मी आतून ओरडत होते. पाटलीला तोंड नसतं, मित्रांनो. दिवेलागणीला मला काहीच ऐकू येईना.

गौरीने गोळ्या तिच्या तळहातावर ठेवल्या. त्या जमिनीवर पडल्या आणि तुळशीला कळलंही नाही. गौरीने पदर ओढला. बोटं पांढरीफटक आणि गार पडली होती. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला, मी हलेना. गावातले डॉक्टर आले. ही आधी कापा आणि गाडी काढा, उशीर झाला तर हात जाईल, असं त्यांनी सांगितलं.

सदा करवत घेऊन धावत आला. तुळशीने हात छातीशी धरला.

"अहो, तुम्ही असेपर्यंत ही कापायची नाही."

शकू भिंतीला टेकून रडत होती. बापू तुळशीजवळ बसले.

"अगो, मी काय या पाटलीवर जगलो? तुझ्या हातच्या आमटीवर जगलो. सदा, काप."

सदाने माझ्याखाली पातळ पत्रा सरकवला. करवतीचा दात माझ्यात शिरला आणि मी मनात म्हणत राहिले, लवकर, अजून लवकर. ज्या पेढीवर मी घडले, तिथलाच हात मला तोडत होता.

पनवेलच्या डॉक्टरांनी तिचा हात कोपरापर्यंत चिरून साचलेलं रक्त काढलं. हात वाचला, पण अंगठा आणि दोन बोटं बधिर राहिली. अडकित्ता आता तिला पेलत नाही. गौरी कातरते ती सुपारी जाडीभरडी असते आणि बापू ती मुकाट्याने चघळतात.

सदा मला सांधून देणार होता. तुळशीने नको म्हटलं. आता आळीत कुणी तशीच मनगटातून नळी घालून आलं, की ती मला पदराच्या गाठीत बांधून तिथे जाते आणि त्यांच्यासमोर ठेवते. मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी असं परत आलं, तर मला आठवा. तो हात उशीवर ठेवा, मोकळा ठेवा आणि पुनःपुन्हा उघडून बघा. दुखतंय का, ते विचारा. तुळशीला कुणी विचारलंच नव्हतं.

गाठ मारताना मी क्षणभर तिच्या मनगटाला टेकते. तिथली नाडी कायमची बंद झाली आहे. हात दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिनीवर जगतो, असं डॉक्टर म्हणतात. मला ते ठाऊक आहे. तरी दर वेळी मी कान लावतेच.