सुनेत्राबेनचं मोजणं

‘‘सुनेत्राबेन, जरा...’’

सुनेत्रानं वर न बघताच ‘थांबा’ अशी मान हलवली. बेचाळीस, त्रेचाळीस. उजव्या हातानं ती तार गुंडाळायच्या फर्म्याचा दांडा फिरवत होती आणि डाव्या चिमटीतून तांब्याची तार सरकत होती. रजनीभाई कारखान्याचे मालक, पण तेही मुकाट उभे राहिले. साठ वेढे पुरे झाले, तिनं तार कापली, तेव्हा कुठं म्हणाले, ‘‘सोमवारी नवी मशीन येते, बेन. आकडो टाकायचा, पाय दाबायचा, बस. गणवानुं नहीं.’’

‘‘मोजायचंच नाही?’’

‘‘मशीन गणशे.’’

मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात जळालेल्या मोटरी यायच्या. आतली काळी पडलेली तार काढून सुनेत्रा नवी कॉइल गुंडाळायची. एकवीस वर्षं हेच काम. वेढे चुकले की मोटर तापणार, म्हणून ती मोजत असताना तिच्याशी कुणी बोलत नसे. आणि ती दिवसभर मोजतच असे.

घरी अस्मितानं मोबाइल तिच्यापुढं धरला. ‘‘आई, वाच हे. नव्या मोटरी स्वस्त झाल्यात, जुन्या दुरुस्त करतंय कोण? जे काम उरेल ते मशीन करणार. सोड ना आता. खांदा तरी बरा होईल.’’

‘‘सोडून काय करू? तुझं डोकं खाऊ?’’

तिनं ते हसण्यावारी नेलं खरं, पण तव्यावरची पोळी करपली.

सोमवारी मशीन आलं. एका मिनिटाच्या आत त्यानं कॉइल करून दिली. सुनेत्रानं ती उचलली, बाजूला बसून सगळी उलगडली आणि वेढे मोजले. बरोब्बर साठ. एखादा कमी निघाला असता तर बरं वाटलं असतं, हे तिनं मनाशी कबूल केलं. मग सरळ रजनीभाईंच्या केबिनमध्ये गेली.

‘‘मग माझं काय?’’

‘‘तमारुं शुं? कॉइल मशीन बनावशे. मोटरमध्ये भरणार कोण?’’

ते खरं होतं. येणारी प्रत्येक मोटर वेगळी. जुन्या मोटरींच्या खाचा अरुंद, त्यात तारेला ओरखडा न पाडता कॉइल बसवायची म्हणजे बोटांनाच कळायला हवं.

‘‘आणि तेही करणारं मशीन आलं तर?’’

‘‘दहा वर्षांनंतरचं मला नाही माहीत, बेन. खोटं कशाला बोलू?’’

ते खोटं बोलले नाहीत, याचंच तिला बरं वाटलं. दहा वर्षांत ती साठीला पोचणार होती.

गुरुवारपर्यंत खांदा दुखायचा थांबला. पायाखालचा खटका दाबला की मशीन घरघरत राही आणि तिचं तोंड मोकळं. शेजारच्या टेबलावर फत्तेसिंहराव मोटरींना वार्निश लावत. सोळा वर्षं शेजारी, पण बोलणं ‘येते’, ‘निघतो’ एवढंच.

‘‘फत्तेसिंहराव, चहा झाला का?’’

ते दचकलेच. ‘‘तुम्ही बोलता होय!’’

दोघंही हसले. मग घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतलं त्यांचं घर निघालं, अस्मिताची परीक्षा निघाली, सगळं निघालं. सुनेत्राला मात्र एकच विचारायचं होतं, आणि ते त्यांची बायको गेल्यापासून, चार वर्षं, राहून गेलं होतं.

‘‘एक विचारू? वहिनी गेल्या त्या दिवशी दवाखान्यातून फोन आला, तेव्हा तुम्ही माझ्यापाशी येऊन उभे राहिला होता ना? मी वर न बघताच मान हलवली होती.’’

फत्तेसिंहरावांचा ब्रश थांबला. ‘‘आलो होतो. एकट्यानं जायची हिंमत होत नव्हती. मग गेलो रिक्षा करून.’’

‘‘तेराव्याला सगळ्यांबरोबर आले, पण तुमच्याकडं बघवलं नाही मला.’’

‘‘तुमचं काय चुकलं? तुम्ही मोजत होता.’’ त्यांनी ते इतक्या साधेपणानं म्हटलं, की तिचे डोळे भरून आले. ‘‘आणि मी हाक तरी कुठं मारली? नुसता उभा राहिलो.’’

तिनं खटक्यावरचा पाय काढला. मशीन थांबलं. तिनं खुर्ची वळवली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडं तोंड करून बसली.

‘‘कशा होत्या हो वहिनी?’’

फत्तेसिंहरावांनी चिंधीला हात पुसले, एकेक बोट करून.

‘‘निरुपमा? भांडखोर,’’ ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. ‘‘भाजीवालीशी भांडायची आणि मग तिलाच घरी चहाला बोलवायची...’’

ते सांगत राहिले. वार्निशचा डबा उघडाच राहिला होता, आणि त्यावर हळूहळू साय धरू लागली होती.