राणीच्या चित्राखालचं नाव

झेलीनं दगडावर काढलेली राणी फार उत्तम उतरली आणि तिथेच सगळा घोळ झाला. वाईट निघाली असती तर मालकांनी खाली तिचं नाव खुशाल राहू दिलं असतं.

मी तेओद्यूल. पॅरिसात बुर्दलोंच्या छापखान्यात बावीस वर्षं दगडावरून चित्रं छापतोय. झेली मार्शांदो आमच्याकडे छापलेल्या चित्रांत रंग भरायची. यंदा एका राणीची शोकांतिका नाटकगृहात गाजू लागली, गिऱ्हाइकं तिची चित्रं मागू लागली, आणि आमचे चित्रकार लाकोसाद नेमके खोकल्यानं गावी जाऊन पडले. तेव्हा मालक माझ्यासमोर तिला म्हणाले, "शेवटचा प्रवेश तू काढ, पोरी. जमला तर खाली तुझं नाव." पोरीनं सगळ्यात वरच्या स्वस्त माळ्यावर उभं राहून नाटक पाच वेळा पाहिलं. मग तीन आठवडे दगडाला बोट न लावता काढत होती, कारण बोटाचा तेलकटपणा लागला तरी छापताना काळा डाग उठतो.

मेलेल्या मुलाला मांडीवर घेतलेली राणी, आणि समोर विजयी राजानं पुढे केलेला हात. पहिला कागद दगडावरून उचलला आणि मला रडू फुटलं. सख्ख्या भावाच्या मयतीला मी रडलो नव्हतो.

मालकांनी कागद खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग मला म्हणाले, "खालचं नाव खरवड. लाकोसादचं घाल."

"मालक, तुम्ही शब्द दिला होतात," झेली म्हणाली.

"अगं, रंग भरणाऱ्या पोरीचं नाव वाचून कोण चित्र घेणार? राणी काढलीस म्हणून तू काय राणी झालीस?" एवढं बोलून ते पुढे दुकानात गिऱ्हाइकाकडे गेले.

शब्द दिला तेव्हा मी तिथेच होतो. तरी मूग गिळून बसलो. वर खरवडायचा चाकूही हातात घेतला. सांगायला लाज वाटते.

झेलीनं दगडावर पाणी ओतलं आणि मूठभर वाळू पसरली. चित्र काढून टाकून दगड पुन्हा वापरायचा असला की आम्ही हेच करतो. वर दुसरा दगड ठेवायचा आणि घासायचं. पण तो दुसरा दगड तिला एकटीला उचलेना.

"काका, एक बाजू धरा."

"वेड लागलंय का तुला? तीन आठवड्यांचं काम!"

"माझंच आहे ना?"

"मालक मला हाकलतील."

"मग नका धरू. पण तो चाकू तरी खाली ठेवा."

मी चाकू खाली ठेवला. मग दुसरी बाजू धरली.

एका कडेनं घासत निघालो. आधी राजाचा हात गेला, मग मुलगा. राणीच्या चेहऱ्याशी आलो तेव्हा मी थांबलो. झेली थांबली नाही.

आवाज ऐकून मालक धावत आले. "अरे नतद्रष्टांनो! शनिवारी चित्र दुकानात लागायचंय! नाटक बंद झाल्यावर चित्र काय चुलीत घालू?"

"तुमच्याकडे छापलेला कागद आहे की," झेली म्हणाली. "बोलवा लाकोसादांना. त्यावरून काढतील."

लाकोसाद ईस्टरपर्यंत अंथरुणातून उठणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होतं. मालक माझ्यावर उखडले. "आणि म्हाताऱ्या, तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती?"

"तुम्ही शब्द दिला होतात, मालक. मी ऐकला होता." बावीस वर्षांत त्यांना उलट बोलायची ही पहिलीच वेळ.

झेलीनं दगड धुतला, शेगडीशी वाळवला, तेलकट खडूला टोक काढलं. कोऱ्या दगडाच्या खालच्या कोपऱ्यात, छापल्यावर सुलट यावीत म्हणून उलटी अक्षरं एकेक करून घातली: झेली मार्शांदो. वर अजून एक रेघही नव्हती. मग खडू ठेवून हाताची घडी घालून बसली.

मालकांनी वाकून ती उलटी अक्षरं वाचली.

"शनिवारपर्यंत होईल?"

"तीन आठवडे मी राणीला शोधत होते. आता सापडलीय. नाव जागेवर राहिलं तर होईल."

"काढ," मालक म्हणाले आणि वळले.

ते गेल्यावर तिचे डोळे भरून आले. थेंब दगडावर पडू नये म्हणून तिनं मान तेवढी बाजूला केली आणि काढायला लागली.