अर्थ नाही

"अर्थ... नाही," करंटमामा गॅरेजातल्या आपल्या खुर्चीतून पुन्हा म्हणाले आणि त्यांच्या बायकोच्या डोळ्यांना धार लागली.

"ऐकलंस? सकाळपासून हेच चाललंय," मामी लेकीला म्हणाल्या. "जगण्यात अर्थ नाही म्हणतायत. ते काही नाही, आजच घरी नेते त्यांना. उद्यापासून इथे आणायचं नाही. दुसऱ्यांना काम करताना बघून बघून खचलेत ते."

टॅक्सीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेल्या लेकीने नुसतं "हं" केलं. बापाच्या तोंडून असलं बोलणं तिला ऐकवत नव्हतं, म्हणून तिने सरळ कानच बंद करून घेतले होते.

करंटमामांनी कपाळावर हात मारून घेतला. डावा, कारण तेवढाच त्यांचं ऐकत होता. अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उजवी बाजू लुळी पडली आणि जिभेवरचे बहुतेक शब्दही गेले. डोकं मात्र होतं तसंच तल्लख होतं. बंद पडलेल्या गाड्यांच्या वायरी चाचपण्यात जन्म गेलेल्या या माणसाकडे आता 'हो' होतं, 'नाही' होतं, आणि नशीब जोरावर असेल तर एखादा जास्तीचा शब्द. आज नेमका हवा तो शब्द सापडला होता, तर बायकोने त्याचं तत्त्वज्ञान करून टाकलं!

जगण्याचं कोण बोलतंय इथे? गाडीला अर्थ नाही, गाडीला! बॅटरीतून निघालेला करंट काम उरकून गाडीच्या धातूमधून माघारी येतो, त्या वाटेला साऱ्या गॅरेजांत अर्थ म्हणतात. ती वाट अडली की नवी कोरी बॅटरीसुद्धा मेल्यासारखी वागते. मामांना हे सगळं तोंडाशी आल्यासारखं वाटत होतं आणि बाहेर पडत होते तेच दोन शब्द. घरी नेलं की संपलंच. खिडकीशी बसवतील, मऊ भात भरवतील आणि कुणी काही विचारणार नाही.

"ताई, आता मी टोचन करून मोठ्या गॅरेजात नेतो," टॅक्सीवाला वैतागून म्हणाला. "बॅटरी नवी टाकली, तुम्ही इंजिन फिरवणारा सेल्फसुद्धा बदलून बघितला. किल्ली फिरवली की कट् वाजतं, दिवे मंद होतात आणि पुढे ठणठणाट. पोराच्या शाळेची वेळ होत आली."

"बॅटरी भरलेली आहे, दादा. किल्ली फिरवतानाही उतरत नाहीये. मला खरंच कळत नाहीये," लेक म्हणाली. तिचा आवाज रडकुंडीला आला होता.

भरलेली असणारच! मामांची नजर केव्हापासून बॉनेटच्या आतल्या बाजूला खिळली होती. टॅक्सी नुकतीच कुठेतरी ठोकली असणार, कारण आतला पत्रा नव्या रंगाने चकचकत होता. रंगाऱ्याने बोल्टची जागासुद्धा सोडली नव्हती. त्या जाड रंगावरच अर्थची वायर ऐटीत आवळून ठेवली होती.

मामा उठले.

"अहो, पडाल!" मामी धावल्या.

"नाही!" हा शब्द मात्र मामांना ठणठणीत येत होता. भिंतीवर टांगलेली, दोन्ही टोकांना चिमटे असलेली जाड वायर त्यांनी डाव्या हाताने ओढली आणि पाय फरफटत टॅक्सी गाठली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला. दुसरा हातातून निसटला. लेक उचलायला वाकली, तर तिच्याकडे असे डोळे वटारले की ती जागीच थांबली. दुसऱ्या खेपेला चिमटा इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट चावला.

लेकीने आधी वायरीकडे पाहिलं, मग बापाकडे.

"अर्थ!" ती किंचाळली. "बाबा, तुम्ही आपला अर्थ म्हणत होतात! दादा, फिरवा किल्ली!"

पहिल्याच फटक्यात इंजिन धडधडलं. टॅक्सीवाल्याने आतूनच टाळ्या पिटल्या.

"अगं आई, जगण्याला नाही, गाडीला अर्थ नव्हता!" लेक आईच्या गळ्यात पडली.

"मग तसं नीट सांगायचं ना!" मामी फणकारल्या. आपण काय बोललो ते ध्यानात आलं तशा आधी चपापल्या आणि मग खो-खो हसत सुटल्या. मामाही हसले, जेवढं तोंड हसत होतं तेवढ्याने. लेकीला मात्र हसता हसता रडू फुटलं. सकाळपासून बाप तिला वाट दाखवत होता आणि तिने कान झाकले होते.

इंजिन बंद केलं, उसनी वायर काढली. आता खरं काम होतं. लेकीने बोल्ट सोडवला आणि मामांनी पॉलिशपेपर घेऊन रंग खरवडायला सुरुवात केली. डावा हात नवशिक्यासारखा चालत होता. लेकीने तेच काम चुटकीसरशी उरकलं असतं. तिने हात पुढेही केला, पण मग नुसती वायर बाजूला धरून उभी राहिली. टॅक्सीवाला घड्याळाकडे बघायचं विसरून गेला. हळूहळू रंगाखालचा पत्रा लखलखायला लागला. मामांनी वायर जागेवर बसवली, बोल्ट आवळला, पुन्हा एकदा आवळला आणि बॉनेटवर थाप मारली.

तोंड उघडलं. ओठ थरथरले.

"म... मार!"

हा शब्द झटक्यानंतर कुणीच ऐकला नव्हता.

"काय म्हणाले मामा?" टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"कान फुटले का रे तुझे?" मामी साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात गरजल्या. "सेल्फ मार म्हणतायत ते!"