एकशे बेचाळीस ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना डिजिटल वजनकाटा आहे. माझ्या पडद्यावर आता आकडे उमटत नाहीत, तरी माझी गोष्ट ऐका.

कारखान्यात ठरलेली वजनं पुन्हा पुन्हा माझ्यावर ठेवून मला खरं बोलायला शिकवलं. मग घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी मला आणलं, त्यांच्या बायकोसाठी. काकू शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि दिवसभर विणत बसत. एकदा स्वेटरची दुसरी बाही कोपरापर्यंत आली आणि लोकर संपली. तसा रंग पुन्हा मिळेना.

"गणिताच्या बाई, आणि अंदाज चुकला?" काका हसले आणि दुसऱ्याच दिवशी मला घेऊन आले.

एक बाही विणण्याआधी आणि विणून झाल्यावर काकू लोकरीचा गुंडा माझ्यावर ठेवत. वजाबाकी केली की एका बाहीला किती लोकर लागते ते कळे. तेवढी त्या दुसरीसाठी बाजूला काढत. शेजारणींना सांगायच्या, "याच्या शब्दाबाहेर मी नाही." मी मनातून फुलून जायचो.

काकूंची लेक दूर, थंडीच्या गावी नोकरीला होती. तिच्यासाठी त्यांनी निळा स्वेटर विणायला घेतला. पाठ झाली, पुढचा भाग झाला, एक बाही झाली. दुसरी बाही सुरू झाल्यावर त्या रोज संध्याकाळी गुंडा माझ्यावर ठेवू लागल्या.

"एकशे बेचाळीस," काकूंनी वाचलं. दुसऱ्या दिवशीही एकशे बेचाळीस. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज विणूनही गुंडा हलका होत नव्हता.

काकांनी माझे सेल बदलले. आकडा बदलला नाही. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, तो जुना झालाय. मी नवा पाठवते." मला फार लागलं. मी खोटं बोलत नव्हतो.

आठ दिवसांनी काका दुकानातून दुपारीच घरी आले. काकू बाही उसवत बसल्या होत्या.

"अगं, हे काय करतेस?"

"कुणीतरी चुकीचं विणून ठेवलंय. बघा ना, माझी वीण अशी असते का?"

काकांनी बाही हातात घेऊन पाहिली. वीण काकूंचीच होती. काकू सकाळी विणत होत्या आणि दुपारी तेच उसवून गुंडाळत होत्या.

डॉक्टरांनी विसरण्याचा आजार सांगितला. तो वाढतच जाणार होता. घरी आल्यावर काकांनी सुया हातात घेतल्या. "मला शिकव," ते म्हणाले.

काकू वर्गात असल्यासारख्या ताठ बसल्या. "आधी सुलट टाका. घाई नको. चुकलं तर पुन्हा करायचं."

बारीक स्क्रूंना सरावलेली काकांची बोटं लोकरीत अडखळायची. पण एका संध्याकाळी माझ्यावर आकडा आला, एकशे एकतीस. काका हळूच म्हणाले, "तुझंच बरोबर होतं रे."

बाही पुरी झाली, तोवर काकूंना शिकवणंही आठवेनासं झालं. लेक आली, तिने स्वेटर घातला. काकूंनी तिच्या बाहीवरून हात फिरवला.

"छान आहे. कुणी विणला?"

"तूच गं, आई."

"मला कुठे येतं विणायला," असं म्हणून काकू खिडकीबाहेर बघू लागल्या. लेक उठून स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ नळ वाहत असल्याचा आवाज येत होता.

त्यानंतर त्या घरात कुणी विणलं नाही. मला पेटीत ठेवलं. सेल आतच राहिले, पाझरले आणि मी आतून गंजलो. काकांना मी दोष देत नाही. काकूंना भरवण्यात, त्यांचे केस विंचरण्यात त्यांचा दिवस जात होता.

मित्रांनो, यंत्र ठेवून देताना त्याचे सेल काढायला विसरू नका. आणि माझा एवढा शब्द ठेवा. यंत्राचं सांगणं पटलं नाही, तर ते बिघडलंय असं म्हणून मोकळे होऊ नका. घरातल्या माणसाजवळ जाऊन बसा, त्याचा दिवस कसा जातो ते बघा. आमच्या घरात आठ दिवस सगळे मलाच तपासत होते, आणि काकू दुपारभर एकट्याच उसवत बसल्या होत्या.