कोपरा फाडलेलं पत्र

बसवजयंतीच्या पंगतीत, पुरणपोळी मोडता मोडता, महादेवी आत्तीनं सांगून टाकलं, "मी मेल्यावर मला जाळा."

मी तूप वाढायलो होतो. चमचा तसाच हातात राहिला. आम्ही लिंगायत माणसं. आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत. खड्ड्यात बसवून, डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवून माती देतात. जन्मभर गळ्यात बांधलेलं लिंग शेवटी हातात घेऊनच माणूस जातो. आणि ही त्र्याऐंशी वर्षांची बाई भर पंगतीत म्हणायलीय, जाळा!

तिचा लेक अमरेश हुमनाबादहून तिला घेऊन आला होता. त्यानं हातातला घास परत ताटात टाकला. "आई, येड लागलं का तुला? लोक माज्या तोंडात शेण घालतील."

"घालू दे. माज्या अप्पाला जाळलंय. त्याला जे मिळालं ते मला."

एवढं बोलून ती निवांत जेवली. बाकी कुणाला जेवण गेलं न्हाई.

आत्ती म्हणजे माझ्या वडलांची चुलत बहीण. तिचा बाप हावगेप्पा, माझ्या आजोबाचा, गुरुशांतप्पाचा थोरला भाऊ. दुसऱ्या महायुद्धात तो फौजेच्या लॉरी कंपनीत भरती झाला आणि पार मणिपुराकडं गेला. आत्ती तेव्हा दहा महिन्यांची. चव्वेचाळीस साली तो तिकडंच तापानं मेला. आधी पत्र आलं, मागून सरकारी पार्सल आलं. त्यात एक घोंगडी, एक फणी आणि लिंग ठेवायची चांदीची डबी. आमच्याकडं तिला करडगी म्हणतात. करडगी रिकामी होती. लिंग कुठं गेलं? फेकलं असणार. मग माणसाचं काय केलं? जाळला असणार, फौजेत हिंदू म्हटलं की चिताच. आमच्या घरानं ऐंशी वर्षं हेच धरून ठेवलं. आत्तीची आई मरेपर्यंत म्हणायची, "रिकाम्या हातानं गेला माजा मानूस."

त्या दिवसापासून अमरेशचे फोन सुरू झाले. "प्रशांतअण्णा, तुमचं ती ऐकती. काई तरी करा. उद्या खरंच काई झालं तर मी काय करू? आईचं ऐकू का जंगम अय्यांचं?"

मला राग लवकर येतो. संतपुरात कुणालाबी विचारा, माझ्या दुकानातल्या काट्यावरच्या पोत्याला कुणी पाय लावला तरी मी भांडतो. मी ओरडलो, "मी काय करू रे? ऐंशी वर्षांमागचा धूर परत आणू?" फोन ठेवला आणि मग मलाच वाईट वाटलं. पोरगं आईसाठी रडकुंडीला आलंय आणि मी त्याच्यावर गुरगुरतो.

माझी लेक शैलश्री कलबुर्गीला कॉलेजात शिकवती. तिला सांगितलं. लढाईत मेलेल्यांच्या नोंदी आता कॉम्प्युटरवर सापडतात म्हणे. आठ दिवसांनी तिचा फोन आला. "बाबा, नाव सापडलं. बापाचं नाव, गाव, सगळं जुळतंय. आणि जाळलेल्यांच्या यादीत न्हाई ते. त्यांची कबर आहे."

"बघ! देव पावला!"

"थांबा ना बाबा. कबर मुसलमानांच्या कब्रस्तानात आहे."

आता शहाणा माणूस इथं गप्प बसला असता. मी लगेच आत्तीला फोन लावला. हात दाखवून अवलक्षण. आत्तीनं नाव-गाव परत एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे माजा अप्पा धरम सोडून गेला व्हय रं?" आणि फोन ठेवला. दोन दिवस ती जेवली न्हाई. अमरेशनं मला जे ऐकवलं ते इथं सांगण्याजोगं न्हाई, आणि त्याचं काही चुकलं न्हाई.

शैलश्री म्हणाली, "बाबा, आधीची पत्रं कुठं गेली? हावगेप्पा पणजोबा घरी लिहीत असतीलच ना?"

"असती तर मला ठाऊक नसतं?"

म्हणालो खरा, आणि दुपारी दुकानात गादीवर बसल्या बसल्या माझी नजर फळीवर गेली. तिथं आजोबाची पत्र्याची पेटी हाय. किल्ली कधीच हरवली. दर दिवाळीला दुकानाची पूजा करताना मी त्या पेटीला विभूती लावतो, फूल वाहतो, हात जोडतो. तीस वर्षं. आत काय हाय हे एकदाबी बघितलं न्हाई. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते माझ्यासारख्यालाच.

छिन्नीनं कुलूप तोडलं. आत नऊ पत्रं निघाली. सगळी उर्दूत. आणि एकाचा कोपरा फाडलेला.

आमच्या भागात मैतीचं पत्र कोपरा फाडून धाडायचे. टपाल हातात आलं की वाचायच्या आधीच कळायचं. असलं पत्र घरात ठेवायचं न्हाई, वाचायचं आणि फाडून टाकायचं. आजोबा सांगायचा, गावातल्या पटवाऱ्यानं पहिली ओळ वाचली, आत्तीची आई चक्कर येऊन पडली, रडारड झाली, सगळे अंघोळीला गेले. पुढचं वाचा असं कुणी म्हटलं न्हाई. पुढं काय असणार? माणूस गेला तो गेला. पण आजोबाला ते पत्र फाडवलं न्हाई. दुकान म्हणजे काही घर न्हवं, अशी पळवाट काढून त्यानं ते इथं ठेवलं असंल. मग चार वर्षांत निजामाविरुद्धच्या पोलीस अॅक्शनचे दिवस आले, माणूस माणसाला भ्यायला लागला, आणि उर्दू कागद उघडायची कुणाची छाती झाली न्हाई.

औरादला तहसीलच्या आवारात करीमचाचा बसतात. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत, म्हणून वाद लागला की अख्खा तालुका त्यांच्या बाकड्यासमोर उभा असतो. मी आत्तीला आणि अमरेशला घेऊन तिथं गेलो. आत्ती यायला तयार न्हवती. "काय वाचायचंय आता? अजून काय ऐकायचं ऱ्हायलंय?" तिला जवळजवळ उचलून गाडीत घातलं.

चाचांनी आधी जुनी पत्रं काढली. मजकूर हावगेप्पाचा, अक्षर दुसऱ्याचं. मराठी पत्र तपासायला साहेबाकडं महिनाभर पडून राहायचं, उर्दू लवकर सुटायचं, म्हणून कंपनीतला मदारसाब नावाचा बीदरचा सोबती लिहून द्यायचा. एका पत्रात होतं, 'महादेवीला गूळ लई देऊ नका, दात किडतील.' आत्तीच्या तोंडात आता एकबी दात न्हाई. ती पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसताच विचारलं, "चाचा, माजं नाव हाय तिथं? खरंच लिवलंय?" चाचांनी बोट ठेवून दाखवलं. तिला उर्दू कुठलं यायला, पण ती त्या जागेवरून बोट काढीना.

मग त्यांनी कोपरा फाडलेलं पत्र घेतलं. ते हावगेप्पाचं न्हवतं, मदारसाबचं होतं. चाचा एकेक ओळ वाचून मराठीत सांगायले.

'गुरुशांतप्पा भाई, सलाम. हावगेप्पा काल पहाटे गेला. ताप उतरलाच नाही. दुःख करा, पण हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

'साहेब म्हणाले, हिंदू आहे, चितेवर न्या. मी म्हणालो, मी ह्याच्याच मुलखातला आहे, ह्यांच्यात जाळत नाहीत. साहेब म्हणाले, पुरायची जागा इथं फक्त तुमच्या लोकांची आहे. मी म्हणालो, मग तिथंच. आमच्या मौलवींना विचारलं. ते म्हणाले, जमीन अल्लाची आहे. खड्डा मी खणला, माणूस बसेल एवढा. आजारात त्यानंच मला सगळं सांगून ठेवलं होतं. त्याला बसवलं. कपाळाला विभूती लावली. लिंग डाव्या तळहातावर ठेवून वरून फडकं बांधलं. तुमचे अय्या डोक्यावर पाय ठेवतात, ते मी केलं नाही, तो माझा अधिकार नाही. मंत्र मला येत नाही. रोज सकाळी तो जे म्हणायचा ते ऐकून ऐकून पाठ झालं होतं, तेवढं म्हणालो.

'चांदीची डबी सरकारी पार्सलातून येईल. मातीत ठेवली असती तर कुणीतरी चांदीसाठी उकरलं असतं. ती रिकामी बघून घाबरू नका. लिंग त्याच्याजवळ आहे.

'माझं काही चुकलं असेल तर माफ करा. दोन ओळी लिहा, म्हणजे मला झोप लागेल.'

आत्ती त्या आवारात, कागदांच्या नकला काढायला आलेल्या माणसांसमोर, मोठ्यानं रडली. "हातात हाय रं... माज्या अप्पाच्या हातात हाय." तेवढंच परत परत म्हणत होती. अमरेश तिचे पाय धरून खालीच बसला. मीबी रडलो, खोटं कशाला बोलू. कोण कुठला मदारसाब! सख्ख्या भावानं केलं नसतं ते त्यानं केलं होतं. चाचांनी चष्मा पुसला, आणि मी पैशाचं नाव काढलं तर माझ्यावरच डाफरले.

रडणं थांबल्यावर आत्तीनं माझ्याकडं बघितलं. "मग लिवल्या का दोन ओळी?"

पत्र शेवटपर्यंत वाचलंच न्हवतं, लिहिणार कोण?

"काय मानसं रं आपुन!" ती म्हणाली. "काय मानसं! चल, बीदरला गाडी घे."

"आत्ती, ऐंशी वर्षं झाली. कोण असंल तिथं?"

"कामून नसंल? पत्ता हाय ना वर? गाडी घे म्हनते ना."

पत्ता होता, किल्ल्याच्या मागच्या अंगाच्या गल्लीचा. गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "मदारसाब, लॉरीवाले? वो तो कबके गुजर गए. लेकिन बेटी है, हलीमाबी. नीम का झाड दिखता ना, वोइच घर." म्हणजे माणूस लढाईतून परत आला होता. पुढं जन्मभर हैदराबादच्या रस्त्यावर लॉरी चालवली आणि चौतीस वर्षांमागं गेला.

हलीमाबी सत्तरीची. सुपात तांदूळ घेऊन दारातच बसली होती. मी म्हणालो, "आम्ही संतपूरचे. हावगेप्पाच्या घरचे."

तिनं सूप खाली ठेवलं. आम्हा तिघांकडं एकेक करून बघितलं. "हावगेप्पा के?" ती म्हणाली. "अल्ला! आव, अंदर आव. अब्बा के मुँह में मरते तक वो नाम था."

पाणी दिलं. चहा ठेवायला नातीला सांगितलं. मग ती जे बोलली ते ऐकून मला तिथं बसवेना. मदारसाब लढाईनंतर दोनदा संतपूरला आला होता. दोन्ही वेळा बसमधून उतरला, स्टँडवर चहा पिला आणि त्याच बसनं परत फिरला. घरी येऊन म्हणायचा, "जवाब नहीं आया. नाराज हैं वो लोगां. उनके आदमी को मैं हमारे कब्रस्तान में सुला दिया. मैं गलत किया क्या?"

आमचं दुकान स्टँडच्या समोर हाय. मधे फक्त रस्ता. तो चहा पीत असताना आजोबा गादीवर बसलेला असणार, आणि पेटी त्याच्या डोक्यावर फळीवर.

आत्ती उठली. गुडघे धरत धरत हलीमाबीसमोर खाली बसली आणि तिच्या पायाला हात लावायला गेली. हलीमाबीनं पाय ओढून घेतले. "नक्को अम्मा, नक्को. गुनाह लगेगा मेरेकू." तर आत्तीनं तिचे दोन्ही हात धरले.

"तुजा बाप चुकला न्हाई बाई. आमी चुकलो. आमी हिकडं रडत बसलो, आन तो बिचारा तिकडं वाट बघत बसला. माज्या अप्पाला त्यानं सगळं दिलं. जे आमी द्यायचं ते त्यानं दिलं."

हलीमाबीला मराठी समजत होतं. बीदरमधे कुणाला समजत न्हाई? ती वर छताकडं बघून म्हणाली, "सुने क्या अब्बा?" आणि मग तिलाबी धीर राहिला न्हाई. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. नात चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

चहा हातात आल्यावर आत्तीनं अमरेशला हाक मारली. "हिकडं ये, समोर बस. आता नीट ऐक. मी मेल्यावर मला मातीच द्या."

अमरेशनं तोंड ओंजळीत लपवलं. त्या पंगतीपासून त्याला नीट झोप न्हवती.

"आन ऐक. पहिली मूठ हिची. हलीमाची. आदी हिची, मग तुजी."

अमरेश माझ्याकडं बघायला लागला. त्याला अय्यांची काळजी. पण माझा राग कधीतरी चांगल्या कामाला यायलाच पाहिजे. मी म्हणालो, "अय्यांचं मी बघतो. कोण आडवं येतंय तेबी बघतो."

हलीमाबीनं ओढणीनं डोळे पुसले. "खबर देव अम्मा. मैं आऊँगी. चलने नहीं आया तो उठाके लाएंगे मेरेकू, लेकिन आऊँगी."

"ये की. पन लगीच नको येऊ," आत्ती म्हणाली आणि पोरीसारखी बशीत चहा ओतून प्यायला लागली. "अजून धा-बारा वर्सं मी कुटं जात न्हाई."