एक ठोका म्हणजे हो

आमचे हे लिफ्टच्या कंपनीत फोनवर बसतात. लिफ्ट बंद पडली की आतल्या माणसानं बटण दाबायचं आणि मेकॅनिक पोचेपर्यंत ह्यांनी त्याला धीर द्यायचा, एवढंच काम. पण ह्यांचं काळीज लोण्याचं. आतला घाबरला की इकडे ह्यांचा श्वास अडकतो. मागे एक आजोबा अडकले होते, तर शेवटी तेच ह्यांना सांगत होते, "बाळा, घोटभर पाणी पी. निघेल काहीतरी मार्ग."

साहेबांनी ते रेकॉर्डिंग ऐकलं. "सोमवारी मी शेजारी बसतो," ते म्हणाले. "परत असं झालं तर तुमची बदली गोदामात." गोदाम म्हणजे बिनखिडकीचं तळघर. तिथे कुणी न अडकताही हे गुदमरले असते.

माझी नणंद दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस आहे. घरात तिला सगळे कोरडी म्हणतात. रविवारी तिनं ह्यांना समोर बसवलं.

"दादा, पेशंटची दाढ किती दुखतेय ते मला त्याच्या पायाच्या अंगठ्याकडे बघून कळतं. पण माझीही दुखायला लागली तर चिमटा कोण धरणार?"

"तुला काहीच वाटत नाही?"

"वाटतं ना. दाढ लवकर निघावी असं वाटतं."

"दगड आहेस तू."

"बुडणारा माणूस दगडाला धरून वर येतो. लोण्याला धरून बघ म्हणावं. तू फक्त विचार, त्याला काय होतंय. तुला काय होतंय ते त्यानं विचारलेलं नाही."

सोमवारी सकाळी मी सासूबाईंचा चष्मा आणायला बाजारातल्या उंच इमारतीत गेले. दुपारपर्यंत माझं रोजचं मौन असतं. दुकानदाराला सवय आहे. परतताना लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबली. आत मी एकटी. बटण दाबलं आणि ह्यांचाच आवाज आला.

शेजारी साहेब बसलेले असणार. 'अहो, मी आहे' एवढं म्हटलं असतं तरी गोदाम नक्की होतं. देवानं माझं तोंड आधीच बंद करून ठेवलं होतं, त्याची कृपा. मी फक्त भिंतीवर टिचकी मारली.

"बोलता येत नाही का?" हे म्हणाले. "हरकत नाही. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. श्वासाला त्रास होतोय?"

दोन ठोके.

"भीती वाटतेय?"

मी नामस्मरण करत होते. दोन ठोके.

"मग राग आलाय?"

सकाळी ह्यांनी ओला टॉवेल माझ्या आसनावर टाकला होता. मी एक ठोका दिला. जरा जोरातच बसला.

"बरोबर आहे तुमचं. कुणालाही आला असता. मेकॅनिक निघालाय, तुम्ही खाली बसून घ्या."

काय तो शांत आवाज. घरी माझ्याशी इतक्या समजुतीनं कधी बोलले नव्हते.

संध्याकाळी हे छाती फुगवून आले. "साहेब खूश. म्हणाले, जागेवरच राहा. बाजारातल्या इमारतीत एक मुकी बाई अडकली होती. तिचा राग मला बरोबर कळला, पण घाम म्हणशील तर थेंब नाही."

कोरडीनं सासूबाईंच्या नाकावरचा नवा चष्मा पाहिला, मग माझ्याकडे. "वहिनी, हा चष्मा तिथूनच आणलास ना? सकाळीच?"

ह्यांचा चेहरा पांढरा पडला. खिडक्या उघडल्या, सासूबाईंनी वर्तमानपत्रानं वारा घातला.

"अगं, तू आत एकटी," हे धापा टाकत म्हणाले. "काय वाटलं असेल तुला."

"सांगितलं ना ठोकून. राग आला होता."

"कशाचा?"

"ओल्या टॉवेलचा."

श्वास लगेच जागेवर आला.

तेव्हापासून मी लिफ्टच्या वाटेलाच जात नाही. पुन्हा मीच अडकले तर हे आता ठोक्यावरूनच ओळखतील. सगळीकडे जिना. सकाळी माझं मौन चालू असताना हे विचारतात, "गुडघे दुखतात का गं?"

मी टेबलावर दोनदा ठोकते. ठोकून सांगितलेलं खोटं देवानं पोटात घालावं, एवढं मागणं रोज मागते. एकदाच ठोकलं, तर संध्याकाळपर्यंत घरात चार गुडघे दुखायला लागतील.